पत्र्याच्या शेडमधला ध्यानकक्ष : ध्यानगटाच्या स्थलांतराच्या नोंदी, फेब्रुवारी ते ऑगस्ट २०२५

१२ फेब्रुवारी, माघ पौर्णिमा

सध्याची जागा पिंपरीत, दुकानावरच्या दोन खोल्या. मिळून ४२० चौरस फूट, वर जायला १८ पायऱ्या. रोज सकाळी सहा ते सात आनापानसती (श्वासावरचे ध्यान), संध्याकाळी सात ते साडेआठ वंदना आणि मेत्ता भावना (मैत्रीचे ध्यान), पौर्णिमेला दिवसभर उपोसथ (व्रताचा दिवस). जागा २२ जणांची, बसायला येतात ३० ते ३५. पायऱ्यांमुळे चार ज्येष्ठ उपासिकांचे येणे बंद झाले आहे. मालकांना इमारत पाडून नवी बांधायची असल्याने करार ३० जूनला संपेल, पुढे वाढणार नाही.

यंदाची आषाढ पौर्णिमा १० जुलैला आहे. विनयात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांत, वर्षावासाला (पावसाळ्यातल्या एका जागच्या मुक्कामाला) बसण्याच्या दोन तिथी सांगितल्या आहेत : पुरिमिका म्हणजे आषाढ पौर्णिमेचा दुसरा दिवस आणि पच्छिमिका म्हणजे त्यानंतर एका महिन्याने. आपला गट उपासक-उपासिकांचा, म्हणजे गृहस्थांचा, त्यामुळे हा नियम आपल्यावर बंधनकारक नाही. तरीही वर्षावासाचे तीन महिने ग्रंथवाचन आणि ध्यान एकाच जागी, न तुटता व्हावे, ही आपल्याकडच्या विहारांची रीत आहे. म्हणून मुदत ११ जुलै. तेव्हा जमले नाहीच तर १० ऑगस्ट.

एक गोष्ट आजच ठरवली. स्थलांतरात रोजची एकही बैठक चुकवायची नाही. आसने दोन ठिकाणी वाटावी लागली तरी चालेल, शेवटचे तीन आठवडे दोन्ही जागा चालू ठेवू.

१६ फेब्रुवारी

जागा शोधण्याची कसोटी. पाली त्रिपिटकातल्या अंगुत्तर निकायाच्या दसक निपातात सेनासन सुत्त आहे. त्यात निवासाची पाच अंगे दिली आहेत : गावापासून फार दूर नाही, फार जवळ नाही, आणि जाण्यायेण्याला सोयीची; दिवसा गर्दी नाही, रात्री आवाज कमी; डास, माशी, वारा, ऊन, सरपटणारे प्राणी यांचा त्रास कमी; चीवर (भिक्षूचे वस्त्र), अन्न, औषध सहज मिळणारे; आणि धम्म जाणणारे ज्येष्ठ तिथे राहणारे. इतकी व्यवहारी यादी कोणत्याही दलालाकडे मिळणार नाही. तीच वहीत उतरवून प्रत्येक अंगापुढे मोजता येईल अशी अट लिहिली.

जाणेयेणे : पुणे–लोणावळा लोकलच्या स्थानकापासून पायी २० मिनिटांच्या आत. पहाटेच्या बैठकीला रिक्षा मिळत नाही.
आवाज : प्रत्येक जागा चार वेळा पाहायची. पहाटे साडेपाच, रविवारी सकाळी दहा, कामाच्या दिवशी संध्याकाळी सात, आणि लग्नाच्या तिथीला रात्री. एकदाच रविवारी दुपारी पाहून जागा घेतली की फसगत ठरलेली.
डास : १०० मीटरच्या आत उघडे गटार किंवा साचलेले पाणी नको.
ऊन-वारा : पश्चिमेची भिंत सावलीत किंवा जाड हवी.
गरजा : नळाचे किंवा बोअरचे पाणी, दोन शौचालये, जवळ किराणा.

पाचव्या अंगापुढे काही लिहिले नाही. ते जागेच्या मालकाकडून मिळत नाही.

९ मार्च

तीन जागा चारही वेळा पाहून झाल्या.

पहिली, निगडीत नव्या इमारतीचा तळमजला. सगळे छान, पण २०० मीटरवर मंगल कार्यालय. लग्नाच्या रात्री खिडकीची काच थरथरत होती. खालच्या पट्टीतला ठोका भिंतीतून येतो, पडद्यांनी तो थांबत नाही. नाकारली.

दुसरी, मावळात शेतातले घर. पूर्ण शांत, पण स्थानकापासून सहा किलोमीटर. शिबिराला उत्तम, रोजच्या बैठकीला नाही.

तिसरी, देहूरोड आणि तळेगावच्या मधल्या भागात, जुन्या मुंबई–पुणे रस्त्यापासून आत, लेथ मशिनची बंद पडलेली शेड. स्थानकापासून पायी १७ मिनिटे. लांबी ४० फूट, रुंदी २५. तिन्ही बाजूंनी नऊ इंची विटांची भिंत, चौथ्या बाजूला शटर. वळचणीला उंची १०, मोभाला १४ फूट. नुसता पत्रा. लोहमार्ग साधारण ७०० मीटर, गाडीचा आवाज येतो पण ओळखीचा होऊन जातो. शेजारी फॅब्रिकेशनचे काम सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. गुरुवारी या पट्ट्यात औद्योगिक सुट्टी, त्या दिवशी निखळ शांतता. संध्याकाळची बैठक साडेसातला न्यायची तयारी असेल तर हीच जागा योग्य.

देहूरोडचा परिसर आपल्या लोकांना नवा नाही. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथल्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली, आणि दरवर्षी त्या दिवशी हीच वाट तुडवली जाते. ज्येष्ठांना पत्ता समजावून सांगावा लागणार नाही.

२३ मार्च

कागदपत्रे. पाच वर्षांचा लिव्ह अँड लायसन्स करार, नोंदणीकृत. करारात पुढच्या ओळी मुद्दाम घालून घेतल्या : वापर ध्यानवर्ग आणि वाचनालयासाठी, एक जादा शौचालय आणि एक जादा दार काढण्याची मालकांची लेखी परवानगी, आणि बसवलेले छत, फलक, पंखे, मांडण्या ही गटाची मालमत्ता, करार संपल्यावर काढून नेता येईल. ही शेवटची ओळ राहिली तर बोल्ट लावलेली प्रत्येक वस्तू जागेची समजली जाते आणि निघताना वाद होतो.

यावरूनच पूर्ण कामाचा नियम ठरला : जे पान्याने सुटेल तेच बसवायचे. ओतकाम, चिकटकाम, भिंतीत गाडलेले काम शक्य तितके टाळायचे.

आपल्या गटाच्या न्यासाच्या पत्त्यातील बदल महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०च्या कलम २२ खाली धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो, बदलापासून ९० दिवसांत. बदल अर्जाला विश्वस्तांचा ठराव, करार आणि जागामालकाचे ना-हरकत पत्र जोडायचे. पॅन, बँक आणि देणगीच्या पावतीपुस्तकावरचा पत्ता त्याच आठवड्यात बदलायचा. पावतीवर जुना पत्ता राहिला की आयकराच्या कलम ८०जीची सवलत घेणाऱ्या देणगीदारांचे प्रश्न येत राहतात. स्थलांतर निधीच्या डब्यावरच लिहून ठेवले : रोख २,००० रुपयांपेक्षा जास्त देणगीला करसवलत मिळत नाही, मोठी रक्कम बँकेतूनच द्यावी.

वीज : शेडचे कनेक्शन थ्री-फेज, औद्योगिक दराचे. वापर बदलला आणि दरवर्ग तोच ठेवला तर वीज कायदा २००३च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. महावितरणकडे वापरबदलाचा अर्ज किल्ली मिळण्याआधीच दिला.

६ एप्रिल

किल्ली १ तारखेला मिळाली. आखणी खडूने जमिनीवर काढली, कागदावर नाही. माणसे प्रत्यक्ष बसवून पाहिली.

४० फुटांपैकी १२ फूट पुढचा भाग : चपला, कपाटे, चहाचा ओटा, कार्यालयाचे टेबल. उरलेले २८ × २५ फूट ध्यानकक्ष. पुढचे ६ फूट बुद्धरूप (बुद्धमूर्ती) आणि मार्गदर्शकांचे आसन. प्रत्येक माणसाला ३ फूट रुंदी आणि साडेतीन फूट खोली. जुन्या जागेत खोली अडीच फूट होती आणि पंचांग प्रणाम करताना पुढच्याच्या पाठीला डोके लागत असे. मध्ये ४ फुटांची वाट, दोन्ही भिंतींकडे दीड-दीड फूट. म्हणजे एका रांगेत ६, अशा ५ रांगा, ३० आसने. मागच्या साडेचार फुटांत ८ खुर्च्या. एकूण ३८.

दारे दोन, साडेतीन फूट रुंद, दोन्ही बाहेर उघडणारी. शटर फक्त सामानासाठी. बंद शटरमागे ३८ जणांना बसवणे धोक्याचे आहे, मग ते कितीही शांत असो.

२० एप्रिल

पत्रा. दुपारी तीनला बाहेर ३९ अंश, आत डोक्याच्या उंचीवर ४१. पत्रा हाताला लावता येत नाही.

छपराच्या तीन वेगळ्या अडचणी आहेत आणि एका वस्तूने तिन्ही सुटत नाहीत. गळती, ऊन आणि पावसाचा आवाज. विक्रेते चंदेरी बबलशीट दाखवून तिन्ही सुटतील म्हणतात. ती फक्त उन्हाची झळ परतवते. थेंब पत्र्यावर आदळून पत्राच थरथरतो, तो आवाज तिने कमी होत नाही. थर्मोकोल स्वस्त आहे, पण पेटतो आणि विषारी धूर सोडतो, दिवा-उदबत्ती असलेल्या जागेत नकोच.

ठरलेली मांडणी, वरून खाली :
पत्र्याच्या आतल्या बाजूला चिकटणारा १० मिलिमीटर एक्सएलपीई (पॉलिथिलीनचा एक प्रकार) फोम. पत्र्याची थरथर दाबतो आणि पावसाळ्यात आतून सुटणारा घामही थांबवतो.
मग मोकळी पोकळी.
१० फुटांवर लोखंडी टी-पट्ट्यांची जाळी, २ × २ फुटांचे घर, त्यात कॅल्शियम सिलिकेटच्या टाइल. १७५ लागतात, १० जादा घेतल्या.
टाइलवर ५० मिलिमीटर जाडीची, घनमीटरला ४८ किलो घनतेची रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर), १ मीटर × ०.६ मीटरचे ११८ तुकडे. प्रत्येक तुकडा पातळ प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद, नाहीतर तंतू खाली झडतात आणि डोळे मिटून बसलेल्यांच्या मानेला खाज सुटते.

जिप्समचे अखंड छत दिसायला सुबक, आवाजालाही जड. पण गळती कुठे आहे ते दिसत नाही आणि सोडवताना चुरा होतो. टाइल एक उचलली की वर पाहता येते.

वजन : रॉकवूल ६५ चौरस मीटरला साधारण १५६ किलो, टाइल आणि पट्ट्या वेगळ्या. जाळीच्या तारा कैच्यांना (छपराच्या मुख्य त्रिकोणी सांगाड्यांना) बांधायच्या, पर्लिनला (पत्रा पेलणाऱ्या आडव्या पट्ट्यांना) नाहीत आणि पत्र्याच्या स्क्रूला तर कधीच नाहीत. जुनी शेड फक्त पत्र्याच्या वजनासाठी बांधलेली असते. स्ट्रक्चरल इंजिनिअरांना बोलावून कैचीचे जोड तपासून घेतले, दोन जागी वेल्डिंग गंजले होते, तिथे पट्टी मारली.

२७ एप्रिल

गळती चाचणी. जुने जे-हुक आणि डांबरी वॉशर काढून इपीडीएम (रबरी) वॉशरचे सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू बसवले. स्क्रू नेहमी पत्र्याच्या उंचवट्यावर, पन्हाळीत नाही. घट्टही बेतानेच : वॉशर चपटून बाहेर आला की त्या जागी वर्षभरात चीर पडते.

पाइपने पाणी मारताना खालून वर जायचे. आधी वळचणीकडची रांग दहा मिनिटे, मग तिच्या वरची, शेवटी मोभ. वरून सुरुवात केली की सगळीकडूनच ठिबकते आणि दोष कोणत्या जोडाचा ते कळत नाही. एक माणूस वर, दोघे आत खडू घेऊन. सात जागा सापडल्या. पाच स्क्रूच्या जुन्या भोकांच्या, एक मोभाच्या टोपीची, आणि एक पत्र्याच्या आडव्या जोडाची. तिथे एकावर एक पत्रा जेमतेम ७० मिलिमीटर होता. १५० हवा. तिथला पत्रा बदलला.

४ मे

फोम चिकटत नाही. शुक्रवारी लावलेल्या चार पट्ट्या आज जमिनीवर. कारण सापडले : वर्षानुवर्षांच्या लेथच्या तेलाचा बारीक थर पत्र्याच्या आतल्या बाजूला बसला आहे. डोळ्यांना दिसत नाही, पांढरे फडके फिरवले की पिवळे होते. आता आधी साबणाचे पाणी, मग थिनरचे फडके, सुकल्यावर तासाभरात फोम. थिनर वापरताना दारे उघडी, वायरमनचे काम बंद, कोणतीही ठिणगी नाही.

१२ मे, बुद्ध पौर्णिमा

जुन्या जागेतली शेवटची बुद्ध पौर्णिमा. वंदनेनंतर बाहेरच्या जिन्यापर्यंत माणसे बसली होती. कामाची नोंद एकच : नव्या जागेत चपलांची मांडणी ६० जोडांची करायची, ३८ची नाही.

२६ मे

वेळापत्रक कोलमडले. मॉन्सून आज पुण्यात आणि मुंबईत पोहोचला, एरवीपेक्षा दोन आठवडे आधी. त्याआधीही आठवडाभर जोरदार सरी होत्याच. छताचे काम ५ जूनपर्यंत आटोपायचे होते, तो हिशोब गेला.

काय अडले : फोमचा एक तृतीयांश भाग बाकी आहे आणि पत्रा आतून सकाळ-संध्याकाळ घामेजलेला असतो. ओल्या पत्र्यावर चिकट बाजू धरत नाही. हीटर फिरवून पाहिला, दहा मिनिटांनी पुन्हा ओल. उपाय : उरलेल्या भागात फोम पत्र्याला टेकवून खालून कोंबडजाळी ताणायची आणि जाळी पर्लिनला तारेने बांधायची. फोम अन् जाळीचे वजन नाममात्र आहे, पर्लिन ते सहज घेतात. चिकटलेल्या इतके दाबत नाही, पण पत्र्याला स्पर्श राहतो.

रॉकवूलचे दोन गठ्ठे शटरजवळ जमिनीवर ठेवले होते, सरीचे पाणी आत आले. भिजलेली रॉकवूल वाळवून वापरायचा मोह टाळला. ती दबून पातळ होते आणि या हवेत आतपर्यंत वाळत नाही. १६ तुकडे नव्याने मागवले. यापुढे सगळे सामान विटांवर, जमिनीपासून सहा इंच वर.

पाण्याचा फायदा एकच : खऱ्या पावसाची मोजणी फुकटात मिळाली. फोनवरच्या मापकाचे आकडे तुलनेपुरतेच धरायचे, पण फोन तोच आणि जागा तीच ठेवली की तुलना होते. जोराच्या सरीत, फोम नसलेल्या भागाखाली ७९ डेसिबल. फोम चिकटलेल्या भागाखाली ६८. अजून टाइल नाहीत.

१ जून

ओल. कोबा कोरडा दिसतो म्हणून फसू नये. एक मीटर चौकोनी प्लास्टिक चारही कडांना टेपने चिकटवून २४ तास ठेवले. सोडल्यावर खालून थेंब. म्हणजे जमिनीतून ओल वर येते आहे. इथे थेट सतरंजी टाकली असती तर ऑगस्टपर्यंत काळी बुरशी.

मांडणी : तेलाचे डाग कॉस्टिक सोड्याने दोनदा घासले (हातमोजे, चष्मा, भरपूर पाणी). त्यावर २५० मायक्रॉनचे प्लास्टिक, जोडाला एक फूट एकावर एक, कडा भिंतीवर चार इंच चढवलेल्या. त्यावर २० मिलिमीटरच्या २ × २ फूट इव्हीए (फोमच्या) चटया, एकमेकींत अडकणाऱ्या, १७५. वर सतरंज्या. चटयांना नवा वास फार येतो. पुढच्या भागात उभ्या करून, पंखा लावून दहा दिवस ठेवल्या आहेत. तोवर कोणी त्यावर श्वासाकडे लक्ष देत बसावे ही अपेक्षा अन्यायाची होती.

लाकडी उंच जमिनीचा विचार झाला होता. पाऊल पडले की ढोलासारखी वाजते. सोडून दिला.

८ जून

हवा. ही नोंद सविस्तर, कारण ध्यानकक्ष उभारणारे बहुतेक गट इथेच चुकतात.

जुन्या खोलीत बैठकीच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत माना खाली जात. त्याला थीनमिद्ध (सुस्ती) म्हणायचे आणि वीर्य, म्हणजे प्रयत्न, वाढवा असे सांगायचे, ही सवय. पण हिशोब करून पाहा. शांत बसलेला माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. ३८ माणसे, ६८४ लिटर. कक्षाचे घनफळ २८ × २५ × १० म्हणजे ७,००० घनफूट, १९८ घनमीटर. दारेखिडक्या बंद ठेवून ४० मिनिटे बसले तर हवेतले प्रमाण २,३०० पीपीएमने (दहा लाख भागांत २,३०० भागांनी) वाढते. बाहेरच्या हवेचे सव्वाचारशे धरून पावणेतीन हजारांच्या आसपास. इतक्या कोंदट हवेत पेंग येणारच. निवरणांशी (ध्यानातल्या अडथळ्यांशी) झगडण्याआधी खिडकी उघडायला हवी.

प्रमाण १,०००च्या आत ठेवायचे तर तासाला सुमारे १,२०० घनमीटर ताजी हवा लागते. १२ इंची एक्झॉस्ट पंखा एकटा हे काम करेल, पण पूर्ण वेगात घरघरतो. म्हणून दोन पंखे, निम्म्या वेगावर, आणि कक्षाच्या भिंतीत नव्हे तर पुढच्या भागात. कक्षातून तिथे हवा यायला दाराच्या वर दोन झरोके.

हवा आत येण्यासाठी उत्तरेच्या भिंतीत, जमिनीपासून एक फुटावर चार झरोके, प्रत्येकी २ फूट × ९ इंच. भोक म्हटले की आवाजही येतो. म्हणून प्रत्येक झरोक्यामागे प्लायची पेटी, आत दोन आडव्या फळ्या, नागमोडी वाट, आणि आतून एक इंची रॉकवूल कापडात शिवून. हवा वळून येते, आवाज वळताना मरतो. बाहेरच्या तोंडाला मच्छरजाळी. जाळी हवा बरीच अडवते, त्यामुळे जाळीची चौकट झरोक्याच्या दीडपट. पेटी चार बोल्टांवर, वर्षातून दोनदा सोडून धूळ झाडायची.

पंखे छताला सहा, बीएलडीसी (ब्रशलेस मोटरचे). साध्या पंख्याचा रेग्युलेटर कमी वेगावर गुणगुणतो, शांत खोलीत ते गुणगुणणे ट्रॅफिकपेक्षा जास्त बोचते. पंख्याची दांडी कैचीला, टाइलच्या जाळीला नाही, नाहीतर पूर्ण छत किणकिणते.

१५ जून

टाइल आणि रॉकवूल पूर्ण. आजच्या सरीत त्याच जागी, त्याच फोनवर ५३ डेसिबल. जाळीवाल्या भागाखाली ५६. पाऊस ऐकू येतो, बोलणेही ऐकू येते.

पण आता घुमते. कडक भिंती, अजून उघडी जमीन. टाळी वाजवली तर तीन सेकंद रेंगाळते. घुमण्याच्या काळाचे सूत्र सोपे आहे : ०.१६१ गुणिले घनफळ, भागिले एकूण ध्वनिशोषण. आपले शोषण जेमतेम ११ चौरस मीटर, म्हणजे २.९ सेकंद. वंदना सामूहिक असली तरी शब्द एकमेकांत मिसळतात, आणि मागच्या रांगेतल्या ज्येष्ठांना सूचना कळत नाहीत. चटया व सतरंज्यांनी सुमारे १० चौरस मीटर मिळतील. उरलेल्यासाठी मागच्या भिंतीवर आणि बाजूंना १० फलक, ४ × २ फूट, लाकडी चौकटीत ५० मिलिमीटर रॉकवूल, वरून खादी. फलक भिंतीपासून दोन इंच सुटे, खुंट्यांवर अडकवलेले. यातून आणखी ६-७ चौरस मीटर. मिळून १.२ सेकंद यायला हवे. त्याहून कमी करायचे नाही : भाजे, कार्ल्याच्या चैत्यगृहात ज्याने त्रिशरण म्हटले आहे त्याला ठाऊक आहे की थोडा घुमारा गाथेला आधार देतो.

२२ जून

आसने. ३० पैकी १४ जुनी, कापसाची, दगड झालेली. कापूस दरवर्षी पिंजून घ्यावाच लागतो. नवी आसने सावरीच्या कापसाची, १४ इंच व्यासाची, तीन उंच्यांची : चार, पाच, सहा इंच. एका आसनात साधारण एक किलो बसतो, ठासून. सावर दबून पुन्हा उठते आणि ओल कमी धरते. उंची निवडायची खूण एकच : मांडी घातल्यावर गुडघे कमरेच्या खाली आणि जमिनीला टेकलेले हवेत. गुडघे हवेत राहिले की अर्ध्या तासात कंबर मागे झुकते. आसनावर उंची धाग्याने शिवून घेतली, नाहीतर रोज चाचपणी.

आसनांची मांडणी फटींच्या फळ्यांची, भिंतीपासून सहा इंच सुटी.

ग्रंथ : ११००च्या आसपास, सफरचंदाच्या खोक्यांत, एका खोक्यात १५ किलोपेक्षा जास्त नाही. २६ खोकी. खोक्यावर विषय लिहू नये. कपाट, कप्पा, क्रम लिहावा : २–३–१. लावायला एक दुपार पुरली. पाली त्रिपिटकाच्या दोन खंडांच्या पाठीमागे वाळवीची मातीची रेघ दिसली. ते खंड वेगळ्या पिशवीत, नव्या कपाटात लगेच नाहीत.

२९ जून

बुद्धरूप हलवले. काळ्या दगडाचे, अडीच फूट, अंदाजे पावणेदोनशे किलो. जुन्या ओट्यावर पांढऱ्या सिमेंटने बसवलेले. पहारीने उचकटायचे नाही : बैठकीच्या कडेला कपची उडते. पातळ पोलादी तार दोघांनी करवतीसारखी मागेपुढे ओढून सिमेंट कापले, चाळीस मिनिटे लागली. मग लाकडी पाचरी, चारही बाजूंनी थोड्या-थोड्या.

उचलताना रूपाचे हात, खांदे, मान यांना पट्टा लावायचा नाही. दोन रुंद पट्टे बैठकीखालून, भोवती गोधडी, वर गोणपाट. जिन्यावर दोन फळ्या समांतर, रूप एका जाड फळीच्या गाडीवर बांधलेले, वर चार माणसे दोर सोडत, खाली कोणीही नाही. खाली उभे राहून धरू म्हणणाऱ्यांना बाजूला केले. दोर सुटला तर पावणेदोनशे किलो कोणी धरू शकत नाही. छोटा हत्तीत खाली चार इंची गादी, रूप बसलेल्या स्थितीतच, आडवे नाही, पट्टे फक्त बैठकीवरून ताणलेले. वेग ताशी २०.

नव्या जागी ओटा ३ फूट, लोखंडी सांगाड्यावर कडाप्पा. बैठकीखाली सिमेंट नाही, ३ मिलिमीटर रबर आणि मागे दोन छोटे कोनपट्टे. दिव्याची जागा वेगळ्या दगडी पाटीवर, कापडापासून दोन फूट दूर. खाली इव्हीए आहे, हे विसरायचे नाही.

बोधिवृक्षाचे रोप, कुंडीतले, चार वर्षांचे. कुंडीवर पूर्वेकडे रंगाचा ठिपका दिला आणि नव्या जागी त्याच दिशेला ठेवले. जमिनीत लावायची मागणी बऱ्याच जणांची आहे. पिंपळ शेडच्या पायापासून निदान ३० फूट लांब हवा, आणि इथे तेवढे अंतर नाही. अर्ध्या ड्रममध्ये राहील, दोन वर्षांनी मुळे छाटून माती बदलायची.

३० जून

जुन्या जागेत सकाळची बैठक झाली, संध्याकाळची नव्या जागेत. दोन्हींच्या मध्ये खोल्यांना चुना, दिव्याच्या काजळीवर आधी सोड्याचे पाणी, खिळ्यांची भोके भरली, किल्ली दिली. वीजबिलाच्या शेवटच्या आकड्याचा फोटो दोघांनी काढून ठेवला.

१० जुलै, आषाढ पौर्णिमा, गुरुवार

अष्टशील (आठ नियमांचे व्रत) घेऊन दिवसभर बैठक, ४६ जण. औद्योगिक सुट्टी, बाहेर फक्त पाऊस आणि लोकल. आवाजाबद्दल एकही तक्रार नाही. हवेबद्दल दोन : खुर्च्यांच्या रांगेला झरोक्याची थंड झुळूक पायांना लागते. शेवटच्या झरोक्यावर तिरपी पट्टी लावून हवा वर वळवायची.

महावितरणच्या दुरुस्तीमुळे दुपारी दीड तास वीज नव्हती. इन्व्हर्टरवर दोन एक्झॉस्ट आणि चार दिवे चालले, छताचे पंखे नाहीत. पुरले.

पाणी : दिवसभराच्या बैठकीला माणशी १५ लिटर धरले होते, प्रत्यक्ष २०च्या वर गेले. १,००० लिटरची टाकी संध्याकाळी तळाला. दुसरी टाकी हवी.

११ जुलै

वर्षावास सुरू. सकाळी सहाला २७ जण.

१० ऑगस्ट

पच्छिमिकेची तिथी. आपल्याला ती लागली नाही. महिन्याभरातल्या दुरुस्त्या :

आडव्या जोडाच्या डावीकडे एक टाइल पिवळी. उचलली तर रॉकवूलच्या पिशवीत पेलाभर पाणी. वर एक स्क्रू जास्त घट्ट केलेला, वॉशर फाटलेला. २७ एप्रिलला आपणच केलेली चूक. बदलला.

पश्चिमेच्या कोपऱ्यात सतरंजीला कुबट वास. प्लास्टिकची कडा भिंतीवरून सुटून खाली आली होती. कडेला पट्टी आणि स्क्रू. तिथल्या सहा चटया उन्हाची वाट पाहत पुढच्या भागात उभ्या आहेत.

टाळी १.३ सेकंद. हिशोबापेक्षा किंचित जास्त, कारण एक फलक अजून शिवायचा आहे.

धर्मादाय कार्यालयाचा बदल अर्ज दाखल, पोच फाइलमध्ये. ९० दिवसांची मुदत २८ सप्टेंबरला संपत होती.

पायऱ्यांमुळे थांबलेल्या चार उपासिकांपैकी तिघी आता रोज येतात. त्यांच्यासाठी मोरीत धरायला दांडी आणि दाराशी पाट हवा. सुतार मंगळवारी येणार आहेत.